सभा लांबते तेव्हा : टोकियो २०२० संयोजन समितीचे प्रकरण

३ फेब्रुवारी २०२१ रोजी जपानी ऑलिंपिक समितीच्या प्रतिनिधी मंडळाची विशेष सभा होती. काही सदस्य सभागृहात, बाकीचे कोरोनामुळे संगणकाच्या पडद्यावर, आणि पत्रकारांना कामकाज ऐकायची मुभा. विषयपत्रिकेवर संचालकांच्या निवडीचे नियम होते. मंडळावर स्त्रियांचे प्रमाण वाढावे म्हणून ते बदलायचे होते. सभा संपता संपता योशिरो मोरी बोलले. वय ८३, माजी पंतप्रधान, आणि टोकियो ऑलिंपिकच्या संयोजन समितीचे २०१४ पासूनचे अध्यक्ष.

ज्या मंडळात बायका जास्त, तिथल्या सभांना फार वेळ लागतो, असे त्यांचे म्हणणे. बायकांमध्ये चुरस मोठी असते. एकीने हात वर केला की दुसरीलाही बोलावेसे वाटते आणि शेवटी सगळ्याच बोलतात. रग्बी संघटनेच्या सभांना पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, हा त्यांचा दाखला. संख्या वाढवायचीच असेल तर बोलण्याच्या वेळेला काही आवर घालावा लागेल, नाहीतर सभा संपणारच नाही, असे कोणीतरी आपल्याला म्हणाल्याचेही त्यांनी सांगून टाकले. कोण म्हणाले ते मात्र सांगितले नाही. आमच्या संयोजन समितीत सातेक स्त्रिया आहेत, पण त्या आपली पायरी ओळखून असतात, हेही जोडले. काही जण हसले. कोणी अडवले नाही.

पुढे काय झाले ते जगभर छापून आले, आणि बहुतेक ठिकाणी एका वयस्क पुढाऱ्याची जीभ घसरल्याची गोष्ट म्हणूनच छापून आले. संस्थेचा कारभार कसा चालतो याचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र हे भाषण दुसऱ्या कारणासाठी वाचायला हवे. अनेक मंडळांचे अध्यक्षपद भूषवलेला माणूस चारचौघांत सांगत होता की त्याच्या मते मंडळाची सभा कशासाठी असते. ही आतल्या माणसाची साक्ष होती, आणि तिच्यातला सर्वांत बोलका तपशील स्त्रियांविषयी नसून घड्याळाविषयी आहे.

संस्थेची घडण

टोकियो २०२० ची संयोजन समिती ही जपानी कायद्यानुसार सार्वजनिक हिताचे प्रतिष्ठान होती, म्हणजे ना-नफा संस्था. जानेवारी २०१४ मध्ये टोकियो महानगर सरकार आणि जपानी ऑलिंपिक समिती यांनी ती स्थापन केली. अशा प्रतिष्ठानात दोन मजले असतात. वर प्रतिनिधी मंडळ, जे संचालक नेमते, आणि खाली संचालक मंडळ, ज्याने कारभार पाहायचा. अध्यक्ष संचालकांतूनच निवडला जातो. संचालकांची कमाल संख्या ३५ होती आणि त्यांत स्त्रिया साधारण २० टक्के. या समितीचे संचालक आणि कर्मचारी एका विशेष कायद्याने लोकसेवकांच्या बरोबरीचे मानले गेले होते. ही बाब तेव्हा कोणाच्या फारशी लक्षात नव्हती. दीड वर्षाने तिला फार महत्त्व आले.

३ फेब्रुवारीची सभा या समितीची नव्हती, ती जपानी ऑलिंपिक समितीची होती. पण माणसे तीच. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष यासुहिरो यामाशिता हे संयोजन समितीचे उपाध्यक्षही होते आणि त्या सभेत हजर होते. आपली बोलायची वेळ हुकली, असे त्यांनी नंतर सांगितले. जो एका मंडळावर उपाध्यक्ष म्हणून ज्यांच्या हाताखाली बसतो, तो दुसऱ्या मंडळाचा प्रमुख म्हणून त्यांना थांबवू शकेल का? कागदावर ही दोन वेगळी मंडळे होती. प्रत्यक्षात मानाची उतरंड एकच होती आणि ती दोन्हीकडे चालत होती.

नियमांची कमतरता नव्हती, हेही सांगायला हवे. जपानच्या क्रीडा विभागाने जून २०१९ मध्येच क्रीडा संघटनांसाठी कारभाराची संहिता काढली होती. स्त्री संचालक ४० टक्के किंवा अधिक, बाहेरचे संचालक २५ टक्के किंवा अधिक, आणि तत्त्वतः कोणीही सलग दहा वर्षांपेक्षा जास्त संचालकपदावर राहू नये, अशी उद्दिष्टे तिच्यात आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही २०१६ मध्ये राष्ट्रीय समित्यांसाठी २०२० पर्यंत ३० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. मोरींच्या भाषणाचा सूर त्यामुळेच कुरकुरीचा होता: वरून मंत्रालय मागे लागले आहे, म्हणून हे करावे लागते. ज्या समाजात हे घडत होते तो त्या काळी जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष दरीच्या निर्देशांकात १५३ देशांत १२१ व्या स्थानी होता.

त्या 'दुप्पट वेळे'चे काय?

जपानच्या रग्बी संघटनेवर २०१३ मध्ये पहिल्यांदा एक स्त्री संचालक आली, युको इनाझावा. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष मोरीच होते. भाषणानंतर इनाझावा यांनी वृत्तपत्रांना सांगितले की तो रोख आपल्यावरच असावा असे वाटले. त्या रग्बी खेळलेल्या नव्हत्या, बाहेरून आलेल्या होत्या, म्हणून प्रश्न विचारत होत्या.

या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. सभा लांबली याचे कारण बाई असणे की बाहेरची असणे? ज्यांची एकमेकांशी वर्षानुवर्षांची ओळख आहे, जे एकाच खेळातून आणि एकाच वर्तुळातून आले, त्यांच्यात अर्ध्या गोष्टी न बोलता ठरलेल्या असतात. ठराव सभेच्या आधीच पक्का झालेला असतो आणि सभेत फक्त माना हलतात. अशा ठिकाणी कोणीही नवखा 'हे असे का?' म्हणाला की दहा मिनिटे जातात. तिथे पहिला नवखा माणूस स्त्री होता, म्हणून दोष स्त्रीत्वाच्या खात्यावर लागला.

संशोधन काय सांगते? राजकारणाचे अभ्यासक ख्रिस्तोफर कार्पोवित्झ, ताली मेंडेलबर्ग आणि ली शेकर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच-पाच जणांचे गट करून त्यांच्या चर्चेतला प्रत्येकाचा बोलण्याचा वेळ मोजला. स्त्रिया अल्पसंख्य असताना आणि निर्णय बहुमताने होत असताना त्या आपल्या वाट्यापेक्षा बऱ्याच कमी बोलल्या. स्त्रियांची संख्या वाढली की ही तफावत मिटत गेली. आणि स्त्रिया थोड्याच असतानाही, निर्णय एकमतानेच व्हायला हवा असा नियम असेल तर त्यांचा आवाज वाढला. थोडक्यात, मोरींच्या तक्रारीच्या अगदी उलट. पण या प्रयोगातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कोण किती बोलतो हे स्वभावावर सोडून देता येत नाही. निर्णयाचा नियम बदलला की तीच माणसे वेगळी वागतात.

कंपन्यांवरच्या अभ्यासातही एक जवळचा धागा आहे. रेने अॅडम्स आणि डॅनियल फरेरा यांच्या २००९ च्या अभ्यासात अमेरिकन कंपन्यांतल्या स्त्री संचालकांची सभांना हजेरी पुरुषांपेक्षा चांगली आढळली. त्या देखरेखीच्या समित्यांवर जास्त होत्या, आणि स्त्रिया असलेल्या मंडळांत पुरुषांची हजेरीही सुधारली. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र समर्थक सहसा सांगत नाहीत. स्त्रियांच्या वाढीव प्रमाणाचा कंपनीच्या आर्थिक कामगिरीवरचा सरासरी परिणाम उणे निघाला. जिथे आधीच देखरेख कडक होती तिथे ती आणखी वाढून जाचक झाली, असे त्यांचे स्पष्टीकरण. म्हणजे स्त्रिया आल्या की नफा वाढतो, ही सोपी विक्रीची ओळ टिकत नाही. टिकते ते एवढेच, की देखरेख वाढते. ती कोणाला हवी आहे, हा खरा सवाल.

ना-नफा संस्थेत या सवालाला वेगळीच धार येते. कंपनीला भागधारक असतात, शेअरचा भाव असतो, कंपनी ताब्यात घ्यायला टपलेले असतात. ना-नफा संस्थेचा मालक कोणी नाही. मंडळाने प्रश्न विचारला नाही तर तो विचारणारे दुसरे कायमचे कोणी नसते. या ऑलिंपिकचा एकूण खर्च अखेर सुमारे १.४ ट्रिलियन येनवर गेला आणि त्यात सार्वजनिक पैसा मोठा होता. अशा संस्थेत लांबलेली सभा हा दोष समजणारा अध्यक्ष हीच धोक्याची घंटा असते.

नऊ दिवस

४ फेब्रुवारीला मोरींनी पत्रकार परिषद घेतली, विधान मागे घेतले, माफी मागितली आणि राजीनामा देणार नाही म्हणून सांगितले. प्रश्न टोकदार झाले तसे ते चिडलेही. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आपल्या दृष्टीने विषय संपल्याचे जाहीर केले. पाच दिवसांनी तिलाच तीच विधाने पूर्णपणे अनुचित होती, असे म्हणावे लागले.

मधल्या दिवसांत दबाव आला तो सगळा बाहेरून. ऑनलाइन निवेदनावर दीड लाखाच्या आसपास सह्या झाल्या. चारशेच्या आसपास स्वयंसेवकांनी काम सोडले. विरोधी पक्षांच्या स्त्री खासदार पांढरे कपडे घालून संसदेत आल्या. पायरी न ओळखणाऱ्या बायका, असे स्वतःला म्हणवून घेत समाजमाध्यमांवर हजारो स्त्रिया बोलू लागल्या. १० फेब्रुवारीला टोयोटाच्या अध्यक्षांनी नाराजी जाहीर केली आणि इतर प्रायोजकही बोलले. १२ फेब्रुवारीला मोरींनी पद सोडले.

या यादीत संचालक मंडळ कुठे आहे? कारवाईचा ठराव मंडळाने केला नाही. १२ तारखेला संचालक आणि प्रतिनिधी एकत्र बसले तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच राजीनामा सांगितला. अध्यक्ष नेमण्याचा आणि हटवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी वाट पाहिली. बाहेरून धक्का बसल्याशिवाय न हलणारे मंडळ स्त्रियांच्या बाबतीतच गप्प बसते असे नाही. ती त्याची सवय असते.

वारसाच्या निवडीत ही सवय उघडी पडली. राजीनाम्याच्या आदल्या दिवशी बातमी फुटली की मोरींनी ८४ वर्षांचे साबुरो कावाबुची यांना गादीवर बसायला सांगितले आहे. फुटबॉल संघटनेतले हे वजनदार नाव. कावाबुचींनी घराबाहेर जमलेल्या पत्रकारांना होकारही कळवला. जाणाऱ्याने येणाऱ्याला नेमायचे, मंडळाने नंतर शिक्का मारायचा. टीका झाली, सरकारमधूनही नापसंती आली, आणि दुसऱ्या दिवशी कावाबुचींनी माघार घेतली.

मग कॅननचे फुजिओ मितराई यांच्या अध्यक्षतेखाली निवड समिती बसली. तिच्यात स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे. बैठका मात्र बंद दाराआड, आणि सदस्यांची नावे निवड होईपर्यंत गुलदस्त्यात. १८ फेब्रुवारीला सेइको हाशिमोतो अध्यक्ष झाल्या. सायकलिंग आणि स्पीड स्केटिंग मिळून सात ऑलिंपिक खेळलेल्या, १९९२ च्या अल्बर्टव्हिल हिवाळी स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेल्या, आणि त्या घडीला ऑलिंपिक खात्याच्या मंत्री. त्यांची पात्रता वादातीत होती. राजकारणात त्या मोरींच्या तालमीतल्या मानल्या जात, हेही सगळ्यांना ठाऊक होते. सल्लामसलत झाली, पण ती कशी झाली ते लोकांना दिसले नाही. प्रमाण बदलले, पद्धत तशीच राहिली.

बारा नव्या खुर्च्या

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समितीने संचालकांची कमाल संख्या ३५ वरून ४५ केली आणि १२ स्त्रिया नेमल्या. सिडनी २००० मधली मॅरेथॉन विजेती नाओको ताकाहाशी त्यांपैकी एक. स्त्री संचालक १९ झाल्या, म्हणजे ४२ टक्के. क्रीडा संचालक मिकाको कोतानी यांच्याकडे लिंगसमानतेच्या कामाची धुरा देण्यात आली. महिनाभरात २० वरून ४२ टक्के ही झेप कुठल्याही देशात नजरेत भरेल अशी आहे.

रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या चौकटीत हे बसवून पाहावे. १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असलेला गट 'नमुन्यादाखल' ठरतो. त्यातली प्रत्येक व्यक्ती सतत नजरेत असते, आपल्या जातकुळीची प्रतिनिधी मानली जाते, आणि ठरीव भूमिकेत कोंबली जाते. ४० च्या पुढे गट समतोल होऊ लागतो. ॲलिसन कॉनराड, विकी क्रेमर आणि सुमरू एर्कुट यांनी २००८ मध्ये मुलाखतींच्या आधारे सांगितले की मंडळावर तीन किंवा अधिक स्त्रिया आल्या की त्यांचे बोलणे 'बाईचे मत' न राहता नुसते मत होते. या मोजपट्ट्यांवर नवे मंडळ पास होते. पण मग सात असलेले जुने मंडळही तीनाच्या पट्टीवर पासच होते. आणि त्या सातजणी पायरी ओळखून असतात, हे प्रशस्तिपत्र अध्यक्षांनी दिले होते.

माझा आक्षेप खुर्च्या वाढवण्याच्या रीतीवर आहे. दहा जागा वाढवल्या म्हणजे जुन्यांपैकी जवळपास कोणालाच उठावे लागले नाही. कोणाची मुदत संपली, कोण निष्क्रिय आहे, कोणाचे हितसंबंध गुंतलेत, हे अवघड प्रश्न टळले. ४५ जणांच्या सभेत दोन तासांत प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेसुद्धा येत नाहीत. मंडळ दहापेक्षा मोठे नसावे, असे मार्टिन लिप्टन आणि जे लॉर्श यांनी १९९२ मध्ये कंपन्यांबद्दल म्हटले होते. ना-नफा संस्थांत देणगीदार, सरकार, वेगवेगळे घटक सांभाळायचे म्हणून मंडळे मोठी होतात हे मान्य, पण ४५ जणांचे मंडळ कारभार पाहत नाही, तो ऐकते. बोलण्याच्या वेळेला आवर घालावा ही मोरींची सूचना कोणी स्वीकारली नाही, पण मंडळ एवढे फुगवल्यावर ती आपोआप अमलात आली. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. खेळ साडेचार महिन्यांवर आले होते आणि लाज राखायची होती.

या निकडीपोटी आणखी एक गोष्ट राहून गेली. फ्रान्सी ऑस्ट्रोवर यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या पाच हजारांहून अधिक ना-नफा संस्थांची पाहणी मांडली. १ लाख डॉलरहून कमी खर्चाच्या संस्थांच्या मंडळांवर स्त्रिया निम्म्या होत्या. ४ कोटी डॉलरहून जास्त खर्चाच्या संस्थांत त्या २९ टक्क्यांवर आल्या. जिथे पैसा आणि वजन वाढते तिथून स्त्रिया कमी होत जातात. हेच सूत्र एका संस्थेच्या आत लावून पाहावे. मंडळावर किती स्त्रिया, यापेक्षा मंडळातला पैसा जिथे हलतो त्या टेबलावर किती, हे विचारायला हवे होते.

पैसा हलत होता ते टेबल

प्रायोजकांशी संबंधित निर्णयांचे अधिकार संचालक मंडळाने २०१४ मध्येच अध्यक्षांकडे सोपवले होते. म्हणजे देशांतर्गत प्रायोजकत्व या सर्वांत मोठ्या आर्थिक व्यवहारात मंडळ, स्त्रिया सात असोत की एकोणीस, बघ्याच्या जागी होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये टोकियोच्या सरकारी वकिलांनी हारुयुकी ताकाहाशी यांना अटक केली. ते देन्त्सू या जाहिरात कंपनीचे माजी वरिष्ठ अधिकारी आणि २०१४ पासून समितीचे संचालक. प्रायोजक निवडीत मदत करण्यासाठी कंपन्यांकडून सुमारे १९.८ कोटी येन घेतल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. संचालक लोकसेवकांच्या बरोबरीचे, म्हणून लाचेचे कलम लागू झाले. ताकाहाशींनी आरोप नाकारले. लाच दिल्याच्या बाजूने एका कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकाला एप्रिल २०२३ मध्ये निलंबित तुरुंगवासाची शिक्षा झाली. चाचणी स्पर्धांच्या निविदांत संगनमत केल्याचे वेगळे प्रकरणही उभे राहिले.

हा धागा मोरींच्या भाषणाशी जोडणे ओढूनताणून केलेले वाटू शकते. लैंगिक शेरेबाजी वेगळी आणि लाचखोरी वेगळी, हे बरोबरच. मोरींवर या प्रकरणात कोणताही गुन्हा दाखल झालेला नाही. स्त्रिया आधीपासून ४० टक्के असत्या तर लाच टळली असती असा दावाही कोणी करू नये. अधिकारच मंडळाकडे नव्हते, तर मंडळावर कोण बसले होते याने काय फरक पडणार? पण दोन्हींच्या मुळाशी मंडळाविषयीची एकच समजूत आहे: खरे काम मोजक्या माणसांत, सभेबाहेर होते, आणि सभा ते लवकर मंजूर करण्यासाठी असते. या समजुतीत प्रश्न विचारणारी बाई वेळखाऊ ठरते आणि प्रायोजकांची फाइल मागणारा संचालकही वेळखाऊच ठरला असता.

२०२१ च्या मार्चमध्ये मला या समितीचा सल्लागार केले असते तर मी खुर्च्यांना हात लावण्याआधी सोपवलेल्या अधिकारांची यादी मागितली असती. कोणता अधिकार कधी, कोणाला, कोणत्या ठरावाने दिला, आणि त्याचा हिशेब मंडळापुढे किती वेळा आला? त्यानंतर प्रायोजकत्व आणि खरेदी यांवर देखरेखीची छोटी समिती, तिच्यात बाहेरून आलेले संचालक बहुसंख्य, आणि नव्या बाराजणींपैकी निम्म्या तरी तिथे. अध्यक्षाच्या निवडीसाठी नावे आणि निकष आधी जाहीर. हे सगळे कंटाळवाणे आहे, वृत्तपत्रात मथळा होणार नाही, आणि यात सभा नक्कीच लांबल्या असत्या.

समितीने यापैकी काय केले असते हे तपासायला आता वाव नाही. खेळ उरकले, ३० जून २०२२ रोजी समिती विसर्जित झाली, आणि पहिली अटक झाली ती त्यानंतर सात आठवड्यांनी. ज्या ४५ जणांना 'तुम्ही काय विचारले होते?' म्हणून विचारायचे, त्यांचे मंडळ तोवर उरलेले नव्हते.